उलिकाचा परवाना आणि माझी मिशी

आमच्या मिरना नदीच्या खोऱ्यात कुत्रं शिकवावं तर झ्वानेनं, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः मीच, पण खोटं नाही ते! चाळीस वर्षांत एकोणचाळीस कुत्री मी ट्रफल शोधायला तयार केली. ट्रफल म्हणजे ओकच्या मुळांशी वीतभर खाली दडून बसणारी वेडीवाकडी अळंबी. वास असा, की एक घरात आणली तर तीन घरं सोडून चौथ्या घरी कळतं. पण ती जमिनीत असते तोवर माणसाच्या नाकाला दाद देत नाही, कुत्र्याचंच नाक लागतं. म्हणून आमच्याकडे म्हाताऱ्याला सर्दी झाली तर काढा करतात आणि कुत्र्याला सर्दी झाली तर डॉक्टर बोलावतात.

माझी पद्धत साधी आहे. पहिला आठवडा कुत्र्याला काहीच शिकवायचं नाही, त्याला आधीपासून काय येतं ते नुसतं बघायचं. ओरडायचं नाही. धडा दहा मिनिटांचा, आणि त्याला आणखी हवा असतानाच थांबवायचा. बरोबर केलं की तत्काळ चीजचा तुकडा. एखादं पिल्लू मंद निघालं तरी मी मालकाला म्हणतो, "वेळ घेईल, पण जात चांगली आहे." आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कुत्रं तुम्ही शिकवता ते शिकत नाही, तुम्ही करता ते शिकतं.

पलीकडच्या गावच्या लिव्योला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो सरावासाठी ट्रफलचा तुकडा स्वतःच पुरायचा, आणि कुत्र्याला घेऊन त्या जागेपाशी आला की नकळत थबकायचा. कुत्रं हुशार! मालक थांबला की उकरायचं, एवढं ते शिकलं. पुढे रानात लिव्यो लघवीला थांबला तरी ते तिथे खड्डा करायला लागलं. ही गोष्ट मी दहा वर्षं खोऱ्यातल्या प्रत्येक गुत्त्यात सांगितली आहे आणि दर वेळी पहिल्यापेक्षा लांब सांगितली आहे.

माणसं शिकवणं मात्र आपल्याला जमत नाही. मी भाच्याला गाडी चालवायला शिकवलं होतं. तो अजून सायकलवर फिरतो.

मेच्या अखेरीस बेर्तो गेला. पहिलीपासूनचा दोस्त माझा, आणि भिंतीला भिंत लागून घर. सकाळी रानातून आला, बूट काढले, खुर्चीत बसला आणि उठलाच नाही. मागे राहिली त्याची बायको उलिका, वय चौसष्ट, आणि बिबा नावाची तपकिरी कुरळ्या केसांची कुत्री. ही बिबा खोऱ्यातलं सगळ्यात चांगलं नाक आहे. तिला मी शिकवली नाही, बेर्तोनं शिकवली, हे कबूल करायला मला नऊ वर्षं लागली.

बेर्तो गेल्यापासून बिबा फाटकापाशी बसायला लागली. खाणं निम्म्यावर आलं. मी तिला रानात न्यायला गेलो तर पहिल्या वळणावर बसकण मारली आणि उठेना. माझ्या घरी ठेवावी, तर माझा कुत्रा गारो तिला दारात उभी करत नाही. एकदा तिचा कान फाडलाय त्यानं. उलिकाच्या मागे मात्र ती मुकाट्यानं कुठेही जायची. पण परवान्याशिवाय रानात ट्रफल उकरता येत नाही, आणि परवान्यासाठी वनखात्याची परीक्षा द्यावी लागते.

ऑगस्टमध्ये लिव्यो विचारायला आला. बिबा विकत हवी होती त्याला. म्हणाला, महिनाभर अर्धपोटी ठेवली की कुठलंही कुत्रं कोणाचंही होतं. उलिकानं त्याला वाइन दिली, उत्तर दिलं नाही. तो गेल्यावर मला हाक मारली.

"सतरा सप्टेंबरला परीक्षा आहे," ती म्हणाली. "पास झाले तर बिबा माझी. नाही झाले तर लिव्योला हो म्हणते. रानातलं कुत्रं ते. तिला अंगणात बांधून फाटकाकडे बघत बसवणार नाही मी. या घरात तशी बसलेली एक बाई पुरे आहे."

मी खाकरलो आणि म्हटलं, "उद्यापासून शिकवतो."

आता खरं सांगायचं तर परीक्षा मलाही होती. यंदा नवा नियम आला, दर दहा वर्षांनी सगळ्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची. तसं पत्र मला वसंतातच आलं होतं. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड होता आणि पत्र जाड होतं, त्यामुळे त्याचा उपयोग झाला. ते रान माझ्या नखांत आहे, मला कोण काय विचारणार?

पहिले चार दिवस मी उलिकाला शिकवलं म्हणजे उलिकावर ओरडलो. पुस्तकात तीनशे प्रश्न, प्रत्येकाला तीन उत्तरं, त्यांतलं एक बरोबर; परीक्षेत त्यांतले तीस तोंडी विचारतात, उत्तरं न सुचवता. मी वाचायचो, ती चुकायची, मी कपाळाला हात लावायचो. अगं, बेर्तोबरोबर चाळीस वर्षं काढलीस आणि पांढरी ट्रफल कुठल्या महिन्यात निघते ते माहीत नाही तुला? चौथ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं, माझी टोपी माझ्या हातात दिली आणि दार उघडलं.

"बेर्तो म्हणायचा, झ्वाने कुत्र्यांशी फार गोड बोलतो," ती म्हणाली. "मला वाटलं, माणसांसाठीही थोडं शिल्लक असेल."

मी घरी आलो. गारोनं तेवढ्यात माझा एक जोडा खाल्ला होता. मी त्याला म्हटलं, "काय झालं रे बाळा, कंटाळलास का?" आणि म्हणता म्हणताच माझी मला लाज वाटली. एका कुत्र्याला जोडा माफ, आणि मेलेल्या मित्राच्या बायकोचं एक उत्तर चुकलं तर कपाळाला हात!

दुसऱ्या दिवशी खिशात मेंढीच्या चीजचे तुकडे घालून मी तिच्या दारात उभा राहिलो. माफी वगैरे मागितली नाही, जमत नाही ते. नुसतं म्हटलं, "दहा मिनिटंच."

पहिलं उत्तर बरोबर आलं आणि माझा हात आपोआप खिशात गेला. चाळीस वर्षांची सवय ती! चीजचा तुकडा उलिकापुढे टेबलावर. तिनं तुकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तुकडा तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."

तिथून गाडी अशी सुटली म्हणता! ओरडणं बंद. चुकली तर मी काहीच बोलायचो नाही, थोडं थांबून तोच प्रश्न सोपा करून विचारायचो. दहा मिनिटं झाली की पुस्तक बंद, ती "अजून दोन घे ना" म्हणाली तरी बंद. एकदा तिनं लागोपाठ सात बरोबर सांगितले आणि माझ्या नकळत मी "शाब्बास गं माझी राणी" म्हणालो आणि माझा हात तिच्या कानामागे खाजवायला गेला. खाजवलंच मी. टेबलाखालून बिबानं डोकं बाहेर काढून पाहिलं.

"बिबा," उलिका शांतपणे म्हणाली, "तुझी जागा गेली गं."

बेर्तो गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. मी भोपळ्यासारखा लाल झालो आणि उरलेलं सगळं चीज टेबलावर ठेवून घरी पळालो.

तिसऱ्या आठवड्यात तिचे तिसापैकी तीस यायला लागले. रोज! मी गुत्त्यात जाहीर केलं की कुत्र्याच्या पद्धतीनं माणूस शिकवता येतो, आणि सरकारनं शाळा माझ्या ताब्यात द्याव्यात. मास्तरांचा पगारही वाचेल, नुसतं चीज लागेल. लिव्यो कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्याला मी थबकण्याची गोष्ट पुन्हा एकदा सांगितली.

परीक्षेला पाच दिवस उरले होते. सकाळी थंडी पडली म्हणून मी चुलाणात द्राक्षवेलीच्या काटक्या घातल्या. त्या ओलसर, पेटेनात. हाताशी घरची ब्रँडी होती. काटक्यांवर थोडी शिंपडली, थोडी प्यालो, थोडी मिशीवर सांडली, आणि मग फुंकर घालायला वाकलो. माझी मिशी तीस वर्षांची होती हो! एका फुर्रर्र आवाजात तिचा डावा भाग गेला. न्हाव्यानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, एकच बाजू ठेवली तर लोक दोन्ही बाजूंनी विचारतील. म्हणून उजवीही गेली.

त्या सकाळी उलिकाचे तिसापैकी चार आले.

मला वाटलं, तिला बरं नाही. कपाळाला हात लावून पाहिला. मग वाटलं, चीज बदललं म्हणून असेल. धावत जाऊन आधीच्याच धनगराकडचं आणलं. तिसापैकी पाच. मग खुर्ची बदलली, खिडकी उघडली, बिबाला बाहेर काढली, बिबाला आत आणली. तिसापैकी तीन! आणि सगळा वेळ उलिका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती, पुसलेल्या फळ्याकडे बघावं तशी.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"मिशी," ती म्हणाली.

"गेली ती. त्याचं काय?"

"अरे, बरोबर उत्तर वाचायला लागलास की तिचं डावं टोक वर जायचं." ती थोडी ओशाळली. "मला वाटलं, तुला माहीत आहे. मला वाटलं, हीच तुझी पद्धत."

मी खाली बसलो. तीस वर्षं ज्या मिशीवर मी प्रेम केलं, ती माझ्या नाकाखाली बसून पेपर फोडत होती! उलिका एक अक्षर शिकली नव्हती. ती झ्वाने शिकली होती. मी जे करतो ते. दहा वर्षं ज्या लिव्योला मी हसलो, त्याचं निदान कुत्रं तरी होतं. मी चौसष्ट वर्षांच्या बाईचं तसं करून ठेवलं होतं. आणि पाच दिवसांनी बिबाला अर्धपोटी ठेवणारा माणूस दोरी घेऊन दारात येणार होता.

"सोड रे," उलिका म्हणाली. "माझं डोकं नाही या वयात. तू प्रयत्न केलास." तिनं टेबलाखाली हात घालून बिबाच्या फाटक्या कानावरून फिरवला. मग तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मीही चुपचाप खिडकीबाहेर बघत बसलो, कारण माझे डोळे भरले होते आणि ते लपवायला आता मिशीही नव्हती.

घरात लपवलेला तुकडा शोधणारं कुत्रं रानात अडलं, तर मी काय करतो? त्याला पुन्हा घरात कोंडत नाही, रानातच नेतो. दुसऱ्या दिवशी पहाट फुटल्यावर आम्ही तिघं नदीकाठच्या ओकच्या रानात शिरलो. बिबा पुढे, उलिका मधे, आणि मी मागे, म्हणजे माझं तोंड दिसायला नको. माझा जुना परवाना महिनाअखेरपर्यंत चालू होता, त्यामुळे उकरायचा हक्क माझा. पुस्तक मी घरीच ठेवलं.

आणि मग मला माझा पहिला नियम आठवला. पहिला आठवडा काही शिकवायचं नाही, त्याला काय येतं ते बघायचं. उलिकाला काय येतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

मी गप्प चालत राहिलो. तिकडे उलिका बिबाशी बोलत होती. "तिथे नको गं, तिथे पाणी साचतं, तुझा बाबा तिथे कधी थांबायचा नाही... हां, इथे बघ. पानं पडायला लागली की इथली पिकते म्हणायचा." बिबा थांबली. नाक जमिनीला, शेपटी ताठ. उलिका गुडघ्यावर बसली, बिबाला हलकेच मागे घेतलं, खिशातून पावाचा तुकडा दिला आणि मला म्हणाली, "हळू उकर. मुळं तोडू नकोस. बेर्तो मुळाला धक्का लागला की झाडाची माफी मागायचा."

मी अक्रोडाएवढी ट्रफल काढली. मी उभा राहतो न राहतो तोच तिनं दोन्ही हातांनी माती खड्ड्यात लोटली, वर पानं पसरली, थापटली.

"हे कोणी शिकवलं तुला?"

"शिकवलं कशाला? रोज सकाळी तो बूट काढत सांगायचा. कुठे थांबला, काय मिळालं, काय सोडून आला. मी कणीक मळत ऐकायची. चाळीस वर्षं रे." तिनं हात झटकले. "तू पुस्तकातलं विचारायचास. मला वाटलं, ते काहीतरी वेगळं असेल."

त्या दिवसापासून चार दिवस मी एकही प्रश्न पुस्तकाच्या भाषेत विचारला नाही. बेर्तो हत्यार कुठलं न्यायचा? बेर्तो अंधार पडल्यावर का परत फिरायचा? दुसऱ्याच्या कुंपणापाशी काय करायचा? ती धडाधडा सांगायची. कधी मधेच थांबायची, झाडाला हात लावून उभी राहायची, आणि मी आणि बिबा थांबून राहायचो. जे तिला येत नव्हतं, दंड, तारखा, कागद, ते मी बेर्तोच्या नावावर खपवलं. "बेर्तोला एकदा याचा दंड झाला होता," मी म्हणायचो. बिचाऱ्या बेर्तोला मी त्या चार दिवसांत अकरा वेळा दंड केला. त्यानं वरून मला चांगल्याच शिव्या घातल्या असतील.

सतराला आम्ही नगरपालिकेच्या इमारतीत गेलो. उलिकानं चर्चचा काळा झगा घातला होता, बिबाला विंचरलं होतं. वनखात्याच्या परीक्षक बाई तरुण, चष्मेवाल्या, नीटनेटक्या. उलिका आत गेली. दार अर्धवट उघडं राहिलं. मी बाकावर बसून बिबाचा पट्टा इतका घट्ट धरला होता, की शेवटी तिनंच माझा हात चाटला.

"ट्रफल काढल्यावर सर्वांत आधी काय करायचं?" बाईंनी विचारलं.

मला पुस्तकातलं उत्तर आठवलं, खड्डा बुजवायचा. मी दाराच्या फटीतून पाहिलं. उलिकानं डोळे मिटले होते.

"आधी कुत्र्याला त्याचा तुकडा द्यायचा," ती म्हणाली. "मग लगेच खड्डा बुजवायचा. मी बुजवेपर्यंत रान थांबतं. कुत्रं थांबत नाही, त्याला वाटतं आपलं चुकलं. त्याला तसं वाटू द्यायचं नाही."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग काहीतरी लिहिलं. तिसापैकी सत्तावीस! उलिका बाहेर आली, बिबाच्या पुढे फरशीवर बसली, तिच्या मानेत तोंड खुपसलं आणि रडली. बिबानं शांतपणे रडू दिलं. मी टोपी काढून उभा राहिलो. का ते मलाही सांगता येणार नाही.

"झ्वानेकाका, तुम्ही या," बाई म्हणाल्या.

मी ऐटीत आत गेलो. खड्डा जास्तीत जास्त किती खोल करता येतो? ट्रफल लागेपर्यंत. चूक. हत्याराचं पातं किती रुंद असावं? माझ्या वडिलांचं आहे तेवढं. चूक. वेळा, तारखा, कुठल्या कागदावर कोणाची सही... मी बाईंना म्हटलं, तुमचा जन्म व्हायच्या आधीपासून मी त्या रानात उकरतोय. बाई म्हणाल्या, तेही नियमाविरुद्धच दिसतंय. विसाव्या प्रश्नाला माझ्या लक्षात आलं की मी बाईंच्या वरच्या ओठाकडे टक लावून बसलोय. तिथे अर्थातच मिशी नव्हती.

तिसापैकी अकरा.

आता डिसेंबर चालू आहे. रानात परवानेदार उलिका पुढे असते, बिबा तिच्या डावीकडे आणि माझा गारो उजवीकडे. दोघांचं भांडण तिनं आठ दिवसांत मिटवलं, कसं ते मी विचारलेलं नाही. मी मागून टोपली घेऊन चालतो. टोपली धरायला परवाना लागत नाही. गुत्त्यात लिव्यो हल्ली मला एक मिशीची गोष्ट सांगतो, आणि दर वेळी ती पहिल्यापेक्षा लांब असते.

पुढची परीक्षा मार्चमध्ये आहे. रोज संध्याकाळी मी उलिकाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतो. ती तोंडापुढे पुस्तक धरून प्रश्न वाचते, म्हणजे चेहरा दिसायला नको. ओरडत नाही. दहा मिनिटांनी पुस्तक बंद, मी कितीही म्हटलं तरी बंद. मग वाइन, भाजलेला पाव आणि बेर्तोच्या गोष्टी. एक मात्र आहे. बरोबर उत्तर वाचायला लागली की तिचा मोकळा हात चीजसाठी एप्रनच्या खिशाकडे जरासा सरकतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. उलट मधूनमधून मुद्दाम चुकतो, नाहीतर मार्चच्या आधीच धडे संपायचे.

काल मी लागोपाठ चार चुकलो. उलिकानं पुस्तक मिटलं, खाली वाकून बिबाच्या कानात सांगितलं, पण मला ऐकू येईल अशा बेतानं.

"वेळ घेईल गं," ती म्हणाली, "पण जात चांगली आहे."